घर बांधून झाल्यावर काय होतं?

गेल्या महिन्यात मामाने गावाकडच्या प्लॉटवर बंगला बांधायला घेतला आणि आर्किटेक्टने दिलेला फॉर्म मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ‘तू घरांवरच पीएचडी करतेयस ना? भरून दे.’ बेडरूम किती, गाड्या किती, किचन मॉड्युलर हवं का, असे तीन पानं प्रश्न. मामी पहाटे साडेपाचला उठून काय करते, हे मात्र कुठेच विचारलेलं नव्हतं.

‘तुमच्या जीवनशैलीला साजेसं घर’ ही जाहिरातीतली भाषा झाली. ते घर प्रत्यक्षात कसं ठरतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी अ‍ॅलिस फ्रीडमन यांचं १९९८चं ‘विमेन अँड द मेकिंग ऑफ द मॉडर्न हाउस’ हे पुस्तक मी पुन्हा पुन्हा उघडते. विसाव्या शतकातली काही गाजलेली घरं नवी झाली, याचं श्रेय एकट्या वास्तुकाराचं नाही. घर बांधून घेणाऱ्या बायकांना वेगळ्या तऱ्हेने जगायचं होतं, हेही त्यामागे आहे, असं त्या दाखवतात. त्यातली दोन घरं बघू.

पहिलं नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचं, १९२४ सालचं. ट्रूस श्रोडर ही तीन मुलांची विधवा आई आणि खेरिट रीटफेल्ड हा मुळातला फर्निचर बनवणारा, असे दोघं मिळून आराखडा करत होते. मुलांनी मोठ्या माणसांच्या गप्पांत, कामात वावरावं, असं तिला वाटे. म्हणून वरचा मजला दिवसा सलग आणि रात्री सरकत्या भिंती ओढल्या की खोल्या. नियमात बसावं म्हणून परवानगीच्या कागदांवर त्याला चक्क ‘माळा’ म्हटलं गेलं! खालच्या स्वयंपाकघरातून जेवण वर न्यायला छोटी लिफ्टही आहे. श्रोडरबाई १९८५मध्ये वारल्या तोवर, म्हणजे जवळजवळ साठ वर्षं, तिथेच राहिल्या.

दुसरं अमेरिकेतलं, इलिनॉयमधल्या प्लॅनोजवळ फॉक्स नदीकाठी, १९५१मध्ये पूर्ण झालेलं. एडिथ फार्न्सवर्थ ही शिकागोतली किडनीची डॉक्टर, एकटी राहणारी. तिला शनिवार-रविवारसाठी घर हवं होतं. मीस व्हान डर रोहने तिला चारही बाजूंनी काचेची एकच खोली दिली. उन्हाळ्यात आत भट्टी, रात्री दिवा लावला की काचेवर किड्यांची गर्दी. पुराच्या भीतीने घर जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उचललं होतं, तरी १९५४मध्ये पाणी आत शिरलंच. खर्चावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५३मध्ये ‘हाउस ब्यूटिफुल’ मासिकातून तिची नाराजी जगजाहीर झाली.

इथवर गोष्ट सोपी वाटते. एका वास्तुकाराने ऐकलं, दुसऱ्याने नाही. पण फार्न्सवर्थबाई काही भोळ्या नव्हत्या. सुरुवातीला त्यांनाही या कल्पनेचा उत्साह होता. आणि तक्रारी असूनही त्यांनी ते घर १९७२मध्ये विकलं, म्हणजे वीसेक वर्षं वापरून.

फ्रीडमन यांचा भर आराखडा कसा घडला यावर आहे, आणि तो पटतोच. पण मला वाटतं, रोजच्या गरजांचा खरा पुरावा राहायला गेल्यानंतर तयार होतो. फार्न्सवर्थबाईंनी डासांना वैतागून पडवीला जाळ्या लावल्या. ही त्यांची त्या घरावरची समीक्षाच म्हणायची! पुढच्या मालकाने, पीटर पालुम्बो यांनी, मीसचं मूळ रूप परत आणायचं म्हणून त्या काढल्या. उट्रेख्तलाही तेच. मुलं मोठी झाली, गरजा बदलल्या, श्रोडरबाईंनी आत फेरफार केले. त्यांच्या पश्चात जीर्णोद्धारात आतली रचना पुन्हा विसाच्या दशकातल्यासारखी केली गेली. २०००मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं. आज पर्यटक बघतात ते पहिल्या काही वर्षांचं घर. मधली वर्षं पुसली गेली.

म्हणजे ज्या घराचं कौतुक ‘राहणारीच्या गरजेतून घडलं’ म्हणून होतं, त्याच घरात तिच्या नंतरच्या गरजा डाग ठरल्या. जतन करणाऱ्यांची अडचण मला कळते. सगळेच थर एकदम दाखवता येत नाहीत. पण आपण वास्तुकाराची कल्पना जपतो आणि वापर खरवडून टाकतो, ही निवड आहे, हे निदान मान्य तरी करावं.

मामाचा फॉर्म मी भरला नाही. मामीला फोन केला आणि म्हटलं, ‘खोल्या सांगू नकोस, कालचा दिवस सांग.’ पाऊण तास ती बोलली. पाणी तापवणं, आजीला धरून बाथरूमपर्यंत नेणं, पावसात कपडे वाळत घालायला जागा नसणं, दुपारी पाठ टेकायला कोपरा नसणं. शेवटी म्हणाली, ‘आणि हे बघ, दहा वर्षांनी आजीच्या जागी मी असेन.’

ते सगळं टाइप करून पाठवलं. खाली एकच ओळ जोडली: कुठली भिंत पुढे पाडता येईल, तेवढं आत्ताच सांगून ठेवा.