रफची वही आणि छापलेले गाव

कोणताही दिवाळी अंक उघडा आणि ग्रामीण कथेवरचे चित्र पाहा. फेट्यातला म्हातारा, डोईवर पदर घेतलेली बाई, मागे वाकडी बाभळ, कौलारू छप्पर आणि बैलगाडीचे लाकडी चाक. रेषा सफाईदार असते, काळ्या-पांढऱ्याचा तोल साधलेला असतो. पण हे गाव कुठले, असे विचारले तर चित्राकडे उत्तर नसते. कारण चित्रकाराने ते पाहिलेलेच नसते; त्याने आधीच्या चित्रकारांनी काढलेली गावे पाहिलेली असतात.

ही तक्रार तपासायला बारामती आणि इंदापूर हे तालुके सोयीचे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला आणि एकाच तालुक्यात बागायत व जिरायत अशी दोन जगे शेजारी नांदू लागली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, भीमेचे पाणी मागे सरकत भिगवणपर्यंत पसरले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. आज या भागात फिरताना दिसतात ती शेततळ्यांतली प्लास्टिकची अस्तरे, डाळिंबाच्या झाडांवर पांघरलेली कापडे, दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, मोटारसायकलीला अडकवलेल्या दुधाच्या किटल्या. बैलगाडी अजून आहे, ऊस वाहते. पण तिला रबरी टायर आहेत. यातले किती कथाचित्रांत उतरले? माझ्या पाहण्यात फारच थोडे. बारामतीचे मराठी चित्रांत सर्वाधिक वेळा आलेले दृश्य म्हणजे बहुधा शरद पवारांचा चेहरा, आणि ते श्रेय व्यंगचित्रकारांचे.

कथाचित्राची आजची अवस्था तपासायची तर छापलेल्या चित्राआधीची वाट पाहायला हवी. समजा, ऊसतोड करणाऱ्या बाईवरची कथा चित्रकाराच्या हाती आली. हंगामात माळेगाव किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यांच्या परिसरात गेले की तोडणी कामगारांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, दिसतात, फडात तोड चाललेली दिसते. पहिल्या रेखाटनात सौंदर्य वगैरे काही नसते, नुसती नोंद असते. कोपीचे तोंड किती बुटके, आत शिरताना पाठ किती वाकते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना मानेवरचा भार कुठून पायापर्यंत उतरतो आणि टाच फळीवर टेकते की फक्त चवडा. ट्रक सुटण्याआधी हे पकडायचे असते, म्हणून रेषा तुटक येतात, एकाच बाईला तीन हात येतात. पण याच रेषांत पुढे कामी येणारी माहिती असते.

त्यानंतर काडेपेटीएवढ्या चौकटींत रफ, म्हणजे कच्च्या मांडण्या, सुरू होतात. एकात बाई खालून दिसते आणि तिच्यामागे आभाळाशिवाय काही नाही. दुसऱ्यात आपण ट्रकमध्ये उभे आहोत आणि ती आपल्याकडे चढून येते आहे. तिसऱ्यात फळी पान तिरपे कापते, बाई एका कोपऱ्यात जाते आणि मोकळ्या जागेत मजकूर बसतो. इथे पाहिलेल्यातले निम्मे टाकून द्यावे लागते. किटली, कोयता, कोपीपुढचे पोर ही सगळी खरी असली तरी चित्रात राहतातच असे नाही. मग प्रश्न येतो क्षणाचा. बाई फळीवरून पडते असे लेखकाने लिहिले असेल तर पडणे काढणे म्हणजे मजकुराची दुसरी प्रत काढणे. जाणता चित्रकार त्याच्या आधीचा श्वास काढतो, किंवा नंतरची रिकामी फळी.

शेवटचा टप्पा सर्वांत धोक्याचा. रफ खाली दिवा असलेल्या काचेवर ठेवून शाईने गिरवली की चित्र नीटनेटके होते आणि त्यातला जीव जातो. गिरवताना हात आधीच्या रेषेवर नजर ठेवतो, बाईवर ठेवत नाही. म्हणून चांगला चित्रकार रफ बाजूला ठेवून चित्र पुन्हा काढतो. त्यात प्रमाण थोडे चुकले तरी चालते.

जुन्या पिढीला या वाटेवरून चालावेच लागे, त्याचे एक कारण छपाईत होते. स्वस्त लाइन ब्लॉकमध्ये फक्त काळे आणि पांढरे उमटे. पेन्सिलीची करडी छटा त्यात टिकत नसे. रेखाटनातला उजेड-अंधार शाईच्या रेषेत आणताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवावे लागे. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांची रंगीत मुखपृष्ठे लोकांना आठवतात, पण आतल्या पानांवरची त्यांची काळी-पांढरी चित्रे मला अधिक मोलाची वाटतात. वसंत सरवटे यांनी सिमेंट कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सांभाळून चित्रे काढली. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतली त्यांची माणसे दोन-चार रेषांत उभी राहतात. त्या दोन-चार उरण्याआधी किती रेषा खोडल्या असतील, ते छापील पानावर दिसत नाही. शि. द. फडणीस यांची गोष्ट आणखी वेगळी. ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावरची ती दोघे, तिच्या साडीवर उंदीर आणि त्याच्या शर्टावर मांजरे, हसवतात ती एका शब्दाविना. शब्द सावरायला नसला की सगळा हिशेब रफमध्येच मिटवावा लागतो.

आणि लेखक असूनही रेखाटने करणारे व्यंकटेश माडगूळकर. त्यांचा माणदेश इंदापूरच्या जिरायत भागापासून फार लांब नाही. त्यांचे ‘जनावनातली रेखाटणे’ हे पुस्तक चाळताना कळते की हा लेखक आधी बघत होता आणि मग लिहीत होता.

आता ऑफसेट आहे, संगणक आहे, आणि खुद्द भिगवणच्या कागद गिरणीत चित्रांच्या छपाईला लागणारा कोटेड कागद तयार होत आला आहे. त्या तुळतुळीत कागदावर काहीही छापता येते, त्यामुळे काय गाळायचे हा प्रश्नच सुटल्यासारखा झाला. याच भिगवणच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, कुंभारगावच्या नावा लांब नळीच्या कॅमेऱ्यांनी भरतात. वही घेऊन बसलेला माणूस क्वचितच दिसतो. परिणाम असा की चित्रांतले रोहित नखशिखान्त गुलाबी. उजनीवर येणारा मोठा रोहित प्रत्यक्षात बराचसा पांढराच असतो. खरा लाल रंग पंख उघडल्यावर दिसतो. त्याच्या पायाचा मागे वळणारा सांधा गुडघा समजून काढला जातो, तो असतो घोटा. फोटोवरून उतरवणाऱ्याला हे कळायची गरज पडत नाही. चालत्या पक्ष्याचे रेखाटन करणाऱ्याला ते पहिल्या पाच मिनिटांत कळते, कारण त्याशिवाय पाऊल पुढे पडतच नाही.

मी फोटोच्या विरोधात नाही. पण फोटो एका क्षणाची निवड कॅमेऱ्यावर सोडतो. अलीकडे दोन वाक्ये टाइप करून चित्र मिळवण्याची सोय झाली आहे, तिने तर रफचा टप्पा मुळातच नाहीसा केला. तिथे आधी पक्के चित्र येते, आणि ते बनते आधीच्याच हजारो चित्रांतून. म्हणजे आपली जुनी खोड, आता यंत्राच्या वेगाने.

दोष एकट्या चित्रकारावर ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. कथा त्याच्या हाती उशिरा येते, अनेक कथा एकदम येतात, आणि मानधन पक्क्या चित्राचे मिळते. कोपीपर्यंतचा एसटीचा प्रवास, टाकून दिलेल्या चौकटी यांचे मोल कुणी धरत नाही. रेखाटनांची जपणूकही नाही. प्रभाकर बरवे यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या डायऱ्या, टिपणे प्रदर्शनात मांडली गेली. ते कथाचित्रकार नव्हते, चित्रकार होते म्हणून. कथाचित्रकाराची वही कुणी मागत नाही. बघून काढलेली चित्रे आज सापडतात ती बालपुस्तकांत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पाहा: घरातली मोरी, कपाटाचे दार, मांडी घालून बसलेल्या आजीच्या पाठीचा बाक हे सगळे कुणीतरी बघून काढल्याचे लगेच जाणवते. तिथे लेखक आणि चित्रकार एकच असल्याने वाटेत वेळ चोरणारे कुणी नसते.

न बघता काढण्याची सवय मात्र शाळेतच लागते. बारामती-इंदापूरच्या शाळांमधून मुले एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात, दहावीला वाढीव गुण मिळतात, चित्रकला शिक्षकांची त्यासाठी धडपड चालते. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. नाव मोठे सुंदर, पण तयारी होते ती पाठ केलेल्या आकृत्यांची: एक पाठमोरी बाई, एक छत्रीवाला, एक सायकलवाला, आणि विषय बाजाराचा असो की बसथांब्याचा, त्यांनाच हलवून बसवायचे. पुढे दिवाळी अंकात भेटणारा फेटेवाला इथेच घोटला जातो. या पेपरसोबत वर्षभराची रेखाटनवही जोडायला सांगून तिला गुण ठेवले, तर भिगवणच्या मासळी बाजारातली चिलापीची टोपली आणि तराजू धरणारा हात मुलांच्या कागदावर यायला वेळ लागणार नाही. त्या वह्या तपासायला माणसे कुठून आणायची, हा मात्र खरा अडचणीचा प्रश्न आहे.