दाराआडचा गुलाम

अकिलीस आणि पॅट्रोक्लस एकमेकांचे प्रियकर होते की नव्हते, यावर हल्ली कुणी वाद घालत नाही. मॅडलिन मिलरच्या ‘द साँग ऑफ अकिलीस’ने २०११ साली तो प्रश्न निकालात काढला, पुढच्याच वर्षी ऑरेंज पारितोषिकाने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि मग समाजमाध्यमांवरच्या तरुण वाचकांनी ही कादंबरी डोक्यावर घेतली. तिच्यामागून ग्रीक पुराणकथांच्या पुनर्कथनांची रांग लागली, आणि त्यांत प्रेमकथेचा एक साचा आता पक्का बसला आहे. दोघे तरुण, समवयस्क, सर्व अर्थांनी समान. भोवतालचे जग क्रूर, हे दोघे तेवढे कोमल. ही पुस्तके वाचून आपण जगात एकटे नाही असा धीर आलेला एखादा सोळा वर्षांचा मुलगा कुठेतरी असेल, आणि त्याचा धीर मला मोलाचा वाटतो. माझा राग आहे तो या पुस्तकांनी कथेतून झाडून बाहेर काढलेल्या माणसांपायी.

‘इलियड’चा नववा सर्ग पाहा. ओडिसियसची शिष्टाई फसते, रात्र पडते, अकिलीस आणि पॅट्रोक्लस एकाच राहुटीत झोपतात. इथवर आजच्या वाचकाला हवे ते मिळते. होमर मात्र तिथे थांबत नाही. अकिलीसच्या शेजारी लेस्बॉसहून पकडून आणलेली डायोमीडी आहे, हे तो सांगतो. पॅट्रोक्लसच्या शेजारी इफिस आहे. स्कायरॉस जिंकल्यावर अकिलीसने ती मित्राला देऊन टाकली होती. दोन मित्र आणि लुटीत आलेल्या दोन बायका, अशी ती राहुटी आहे. मिलरच्या कादंबरीत पॅट्रोक्लस ब्रिसीसला इतरांच्या तावडीतून वाचवावे म्हणून अकिलीसला तिच्यावर हक्क सांगायला लावतो, आणि पुढे अशा वाचवलेल्या बायकांची छावणीत एक वस्तीच होते. लूट ही दया झाली. नायकांचे हात धुऊन निघाले, आणि त्या बायकांना जे भोगावे लागले ते कथेच्या कडेला गेले. पॅट बार्करने २०१८ साली ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’मध्ये तीच छावणी ब्रिसीसच्या तोंडून सांगितली, तेव्हा तिथली दुर्गंधी पहिल्यांदा नाकाला जाणवली.

मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. ‘युगान्त’ आणि ‘मृत्युंजय’ ही दोन्ही पुस्तके १९६७ची. एकाच महाभारतातून निघालेल्या या दोन वाटा आहेत, आणि खप कुठल्या वाटेला गेला हे आपण जाणतो. इरावतीबाईंनी खांडववन जळताना आतल्या जिवांकडे पाहिले. सावंतांनी कर्णाच्या कवचकुंडलांकडे. प्राचीन प्रेमाबद्दलचे आजचे लेखन सगळेच्या सगळे कवचकुंडलांकडे पाहत उभे आहे.

या विषयातली खरी थोर पुस्तके पाहायची तर केनेथ डोव्हरपर्यंत मागे जावे लागते. त्याचे ‘ग्रीक होमोसेक्शुअ‍ॅलिटी’ १९७८चे. जेम्स डेव्हिडसनने २००७ साली त्याच्यावर हल्ला चढवला. डोव्हरने सगळे प्रेम कोण वर आणि कोण खाली एवढ्यावर आणून ठेवले, हा त्याचा आक्षेप अगदीच खोटा नाही. तरीही डोव्हरने एक गोष्ट अशी केली की तिचे मोल अजून उतरलेले नाही. प्लेटोचे उदात्त संवाद बाजूला सारून त्याने एका कोर्टातल्या भाषणाला मधोमध आणून बसवले.

ते भाषण एस्किनीसचे आहे, इसवी सनपूर्व ३४६-४५च्या सुमाराचे. मॅसिडोनच्या फिलिपकडे गेलेल्या वकिलातीवरून डेमॉस्थेनिस आणि टिमार्कस त्याला कोर्टात खेचणार होते. त्याआधीच त्याने टिमार्कसवर उलटा खटला भरला: या माणसाने तरुणपणी देह विकला आहे, सबब कायद्याने त्याला लोकसभेत बोलण्याचा अधिकार नाही. राजकीय डाव उघड होता. भाषणात एस्किनीस स्वतःच कबूल करतो की तो देखण्या मुलांच्या मागे असतो, त्यांच्यावर कविता करतो, त्यापायी भांडणेही करतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नाही, ऐकणाऱ्या ज्यूरींनाही वाटत नसावे. अकिलीस-पॅट्रोक्लसचा दाखलाही तो देतो. होमरने त्यांचे प्रेम नाव न घेता झाकून ठेवले आहे, जाणत्याला ते कळते, असे तो म्हणतो. मग तो कायदा सांगतो: गुलामाने स्वतंत्र घरातल्या मुलावर प्रेम करू नये, त्याचा पाठलाग करू नये, केल्यास पन्नास फटके. प्रेम चांगले की वाईट हा इथे प्रश्नच नाही. ते कुणी कुणावर करावे, एवढाच प्रश्न आहे.

आणि मग येतो पिट्टालाकोस. हा अथेन्स नगराच्या मालकीचा गुलाम, गाठीला पैसा राखून असलेला, जुगाराचा आणि झुंजीच्या कोंबड्यांचा अड्डा चालवणारा. टिमार्कस काही काळ त्याच्याकडे राहिला, मग हेगेसँडर नावाच्या बड्या आसामीकडे गेला. पिट्टालाकोसला ते सोसवेना, तो त्यांच्या दारी खेटे घालू लागला. एका रात्री हे दोघे आणि त्यांचे सोबती दारू पिऊन त्याच्या घरात घुसले. फासे आणि खेळाचे साहित्य रस्त्यावर फेकले, त्याचे लाडके लावे आणि कोंबडे मारून टाकले, आणि त्याला खांबाला बांधून इतके फोडून काढले की शेजाऱ्यांना त्याचा आरडाओरडा ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी पिट्टालाकोस उघड्या अंगाने चौकात आला आणि देवमातेच्या वेदीवर जाऊन बसला. लोक जमले. हल्लेखोर घाबरून धावत आले, टिमार्कसने त्याच्या हनुवटीला हात लावून गयावया केली, सांगशील ते करतो म्हणाला. पिट्टालाकोस उठला. तो चौकातून बाहेर पडताच त्याला कुणी विचारीना. त्याने दावा लावला, तेव्हा हेगेसँडरने हा माझाच गुलाम आहे असे सांगून त्याच्यावर हात टाकला. शेवटी समोरच्यांची ताकद ओळखून तो गप्प बसला.

भाषणात त्याला इतकीच जागा आहे. एस्किनीसला त्याची कणव आली म्हणून तो हे सांगत नाही. एका नागरिकाने गुलामाच्या हाताखाली जावे हा टिमार्कसवरचा सर्वांत मोठा कलंक ठरावा म्हणून सांगतो. टिमार्कसचे नागरी हक्क गेले. पिट्टालाकोसचे पुढे काय झाले ते भाषणात येत नाही. पण त्या वेदीवर बसलेल्या माणसाने खरोखर कुणावर तरी जीव लावला होता, आणि प्राचीन अथेन्समध्ये त्या जीव लावण्याची किंमत काय होती हे त्याच्याइतके कुणीच सांगत नाही. इतक्या पुनर्कथनांच्या रांगेत त्याच्यावर लिहिलेली एक कादंबरी मला भेटलेली नाही.

कादंबरीकारांपैकी मेरी रेनॉ अशा गुलामाच्या कथेच्या जवळ आली होती. ‘द पर्शियन बॉय’ (१९७२) हे बगोआस या खच्ची केलेल्या गुलामाच्या तोंडून सांगितलेले पुस्तक आहे. पहिल्या प्रकरणांत त्याला विकले जाते, मालक त्याला रात्रीपुरता भाड्याने देतो, आणि रेनॉची लेखणी तिथे जराही कचरत नाही. पुढे सिकंदर येतो आणि ती स्वतःच सिकंदराच्या प्रेमात पडते. मार्गरीत युर्सनारचे ‘मेम्वार द’आद्रियाँ’ (१९५१) त्याहून वरचे. तिथे बोलतो तो सम्राट हेड्रियन. इसवी सन १३० मध्ये नाईलमध्ये बुडालेल्या अँटिनोअसबद्दल तो पानेच्या पाने बोलतो, आणि वाचकाला हळूहळू उमगते की या पोराला त्याने कधी नीट पाहिलेच नव्हते. मेल्यावर त्याने त्याचा देव केला, त्याच्या नावे शहर वसवले. प्रेम आणि सत्ता एकाच माणसात कशी नांदतात हे युर्सनारला कळले होते.

बाकीच्यांत रेंगाळायचे कारण नाही. २००४च्या ‘ट्रॉय’ने पॅट्रोक्लसला चुलतभाऊ करून टाकले, ती भित्री लबाडी होती. त्याच वर्षीचा ऑलिव्हर स्टोनचा ‘अलेक्झांडर’ केवळ गोंधळलेला. २०२४च्या नेटफ्लिक्सच्या सिकंदराला माहितीपट म्हणणे धाडसाचे. सॅफोच्या बाबतीत अ‍ॅन कार्सनचा २००२चा अनुवाद तेवढा घ्यावा. पपायरस जिथे फाटला आहे तिथे कार्सन कंस ठेवते, जागा मोकळी सोडते, आणि आपल्या मनाने भरत नाही. बाकी सॅफो म्हणून जे विकले जाते ते त्या मोकळ्या जागांत भरलेले आपलेच मन असते.

रोमकडे वळले की झाकपाक करणे आणखी अवघड होते, म्हणूनच बहुधा कादंबरीकार तिकडे कमी फिरकतात. क्रेग विल्यम्सने १९९९ मध्ये रोमन हिशेब नीट मांडला: स्वतंत्र घरातल्या मुलाला हात लावणे गुन्हा, गुलामाच्या बाबतीत कुणी विचारत नाही. थोरल्या सेनेकाने नोंदवलेला एका वक्त्याचा युक्तिवाद आहे, की शरीर देणे हा स्वतंत्र माणसाचा अपराध, गुलामाची अपरिहार्यता आणि मुक्त झालेल्याचे कर्तव्य असते. ज्या साली विल्यम्सचे पुस्तक आले त्याच साली ब्रिटिश म्युझियमने १८ लाख पौंडांना वॉरन कप विकत घेतला. या चांदीच्या पेल्याच्या अस्सलपणावर काहींनी शंका घेतल्या आहेत, पण म्युझियम तो पहिल्या शतकातला मानते. पेल्यावरच्या पुरुषांच्या जोड्यांचे फोटो सगळीकडे छापले जातात. एका बाजूला कोपऱ्यात अर्धवट उघडे दार आहे आणि त्यातून एक गुलाम पोरगा आत पाहतो आहे. तो पेला घडवणाऱ्या कारागिराला ते पोर दिसले. आजच्या लेखकांना दिसत नाही.

आपल्याकडे वेगळे काही घडते आहे असे समजू नये. रूथ वनिता आणि सलीम किडवई यांचा २०००चा संग्रह हे मोठे काम होते, पण त्याच्या आधाराने नंतर जे लोकप्रिय लेखन फोफावले त्यात प्राचीन भारत हा एक खुल्या मनाचा, सर्वांना सामावणारा देश होऊन बसला. कामसूत्राचा औपरिष्टकाचा अध्याय त्यासाठी हमखास पुढे केला जातो. परस्परांवर विश्वास असलेले नागरक एकमेकांशी असा व्यवहार करतात हे त्यात आहे, खरेच आहे. त्याच अध्यायात चकचकीत कुंडले घातलेले तरुण सेवकही आहेत, आणि ती सेवा ते आपल्या धन्याची करतात. धन्याला नकार देण्याची त्यांना मुभा होती का, हे वात्स्यायन सांगत नाही, आणि त्याचा दाखला देणारे आजचे लेखक विचारतही नाहीत. ज्या महाराष्ट्रात कुणी कुणाला शिवावे यावर पिढ्यान्‌पिढ्यांची आयुष्ये ठरली, तिथल्या लेखकाला तरी हा प्रश्न सुचायला हवा.

मला सांगितले जाते की हे बोलू नका, विरोधकांच्या हातात कोलीत जाते. परंपरेचा दाखला हवा, त्याशिवाय लोक ऐकत नाहीत. हा सल्ला मला मान्य नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७चा फास सुटला तो संविधानातल्या समता, खासगीपण आणि प्रतिष्ठेच्या बळावर. १७ ऑक्टोबर २०२३च्या विवाहाच्या निकालात सरन्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात समलैंगिकता ही पाश्चात्त्य किंवा शहरी थेरं नाहीत हे सविस्तर मांडले, आणि तरीही विवाहाचा हक्क मिळाला नाही. दाखला मान्य झाला, दावा फेटाळला गेला. ज्या दाखल्यासाठी आपण डायोमीडीला राहुटीबाहेर आणि त्या पोराला दाराआड ठेवतो, त्याने एवढेच मिळवून दिले.

आजच्या दोन पुरुषांचे किंवा दोन बायकांचे प्रेम अकिलीसच्या प्रेमापेक्षा चांगले आहे. त्यात दोघांनाही नाही म्हणता येते. हे मोठे यश आहे, आणि ते आपल्या काळाचे आहे. ते उचलून अथेन्सला बहाल करण्यात कुणाचाच मान राहत नाही. समलिंगी पात्र निर्मळ असले तरच वाचकाला त्याची कणव येईल ही भीतीही सोडून द्यावी. तेंडुलकरांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आणली तेव्हा मित्रा या नायिकेचा हट्ट, तिचा ताबा गाजवणारा स्वभाव, तिचा कडवटपणा काही लपवला नाही, आणि प्रेक्षक तिच्यासाठी हळहळलेच.

मराठीत या विषयावर कादंबरी लिहू पाहणाऱ्याला माझी विनंती आहे: ट्रॉयची छावणी काही काळ राहू द्या, एस्किनीसचे टिमार्कसविरुद्धचे भाषण आधी वाचा. ते पूर्ण उपलब्ध आहे, आणि पिट्टालाकोस त्यात आहे.