एकोणीस वर्षांचे आयुष्य, चौतीस वर्षांची नोकरी

हॅरिएट न्यूएल ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर क्षयाने वारली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. अमेरिकेतून परदेशी धाडलेल्या पहिल्या मिशनरी तुकडीतली ती एक. फेब्रुवारीत जहाज सुटले, जूनमध्ये कलकत्ता आले, काही दिवस श्रीरामपूरला कॅरीच्या मंडळींत गेले आणि कंपनी सरकारने चालते होण्याचा हुकूम दिला. पुढच्या समुद्रप्रवासात तिला मुलगी झाली आणि ती लगेच गेली; पाठोपाठ आई. तिचा नवरा सॅम्युएल एकटाच पुढे मुंबईला आला आणि १८२१ मध्ये तिथे पटकीने वारला. हॅरिएटने मराठी मुलूख पाहिलाच नाही. तिने एक शाळा चालवली नाही, एका माणसाला उपदेश केला नाही. तरी १८१४ मध्ये तिची रोजनिशी आणि पत्रे, लेनर्ड वुड्स यांच्या मृत्युप्रवचनासह, पुस्तकरूपाने निघाली, पुन्हापुन्हा छापली गेली आणि अमेरिकेत मुलींना तिचे नाव ठेवण्याची चाल पडली.

आता दुसरी बाई पाहू. सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईला उतरली तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. लग्न झालेले नव्हते. अमेरिकन बोर्डाने अविवाहित बाईला मुलींच्या शाळा पाहण्यासाठी इतक्या दूर पाठवणे हीच त्या काळी अपूर्व गोष्ट. मुंबईत दहा वर्षे, मध्ये दोन वर्षे मायदेशी, आणि नंतर १८६२ मध्ये मरेपर्यंत अहमदनगर. नगरची तिची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली तिच्यामागे त्या पाहण्याचाही वाटा होता. मराठी मुलीच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना या बाईला वगळता येत नाही. पण हॅरिएटसारखे तिचे घरोघर वाचले गेलेले पुस्तक नाही. ती उरली आहे ती मिशनच्या अहवालांत: किती शाळा, किती मुली, किती खर्च.

माझे म्हणणे असे की हा योगायोग नव्हे, तो त्या वाङ्मयप्रकाराचाच गुण आहे. मिशनरी चरित्राला मरण लागते. रोजचे जगणे त्याला पेलत नाही. आपल्याकडे परगावी गेलेला मुलगा घरच्या पत्रात ताप आल्याचे लिहीत नाही, आई काळजी करील म्हणून. मिशनरी तरुण नेमका ताप लिहितो, कारण पत्र आईपुरते राहत नाही. ते बोर्डाच्या मासिकात छापले जाते, देवळात वाचून दाखवले जाते आणि त्यावर वर्गणी जमते. ताप हा त्यागाचा पुरावा ठरतो. मग पंतोजीपुढे बसून ‘ळ’ उच्चारण्याची धडपड, शाळेत आज पाचच मुली का आल्या याची चौकशी, पावसाळ्यात बुरशी धरलेली पुस्तके, असल्या गोष्टींना छापखान्यात कोण विचारणार? मराठी शिकवणारे पंडित आणि सुरुवातीच्या मिशन-शाळांतले हिंदू पंतोजी या लेखनात बहुधा बिननावाचेच राहतात. ज्याच्याशिवाय सकाळ सुरू होत नव्हती, त्याचे नाव नाही.

मार्गारेट विल्सनबाईंचे पुस्तक थोडे वेगळे आहे. त्या १८२९ मध्ये नवरा जॉन विल्सन यांच्यासह मुंबईला आल्या. भाषा शिकायला दोघे काही काळ हर्णैला राहिले. मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा उभ्या केल्या. त्यांच्या लेखनात शाळा आहे, भाषा आहे, घरही आहे. पण तेही पुस्तक निघाले १८३८ मध्ये, बाई जाऊन तीन वर्षे झाल्यावर, आणि निवड नवऱ्याची. कोणते पान राहिले आणि कोणते गळले, हे वाचकाला कळत नाही. मला त्या गळलेल्या पानांचीच ओढ अधिक लागते.

मराठीत याला उतारा सापडतो तो शंभर वर्षांनी, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त. त्याही मिशनच्या घरातल्याच. नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनचे काम करीत. पण लक्ष्मीबाई कोणत्या बोर्डाला हिशेब देत नव्हत्या. म्हणून त्यांच्या लेखनात पाणी कोणाच्या हातचे प्यायचे हा प्रश्न धर्मशास्त्राइतका मोठा होतो, नवऱ्याचा विसराळू उदारपणा स्वयंपाकघरापर्यंत येऊन भिडतो आणि साहेब-मडमा शेजारीपाजारी असावेत तशा दिसतात. देवदूतही नाहीत, कारस्थानीही नाहीत. या पुस्तकाची थोरवी भाषेच्या साधेपणात आहे असे आपण सांगत आलो. ते खरेच, पण कोणासाठी लिहायचे नाही हे त्यांना ठाऊक होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

भडगावात बसून हा विषय कशाला, असे कोणी विचारील. धरणगावी जन्मलेला त्र्यंबक ठोमरे, म्हणजे बालकवी, जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनानंतर नगरला टिळकांच्या घरी राहिला, आणि १९१८ मध्ये इथेच भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली गेला. मिशनच्या घराशी खानदेशाची ओळख मला आधी झाली ती या पोरामुळे. दुसरे कारण अधिक जवळचे. विसाव्या शतकात पश्चिम खानदेशात, नंदुरबार-नवापूरकडच्या भिल्ल वस्त्यांत, स्कँडिनेव्हियातून आलेले तरुण मिशनरी वर्षानुवर्षे राहिले. त्यांनी मायदेशी काय कळवले ते तिकडच्या कपाटांत असेल. इकडे ज्या आजी-आजोबांनी त्यांना लहानपणी पाहिले, त्यांच्या तोंडी वेगळा मजकूर असणार: साहेबाला भाकरी मोडता येत होती का, भिल्ली बोलताना तो कुठे अडखळायचा आणि पोरे कशाला हसायची, मडम आजारी पडली तेव्हा रात्री कोण बसले होते. ही माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. प्रबंधासाठी विषय शोधत येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी अहवालांच्या आधी नवापूरची एसटी धरायला सांगतो.