अरबीच्या तासातले वाचनगट : नेमकं काय वाढलं?

'लिटरेचर सर्कल' म्हणजे वाचनगट. चार-पाच मुलं एक पुस्तक निवडतात, ठरलेला भाग वाचून येतात आणि त्यावर बोलतात. प्रत्येकाकडे एक भूमिका असते : कुणी प्रश्न काढतं, कुणी अवघड शब्द शोधतं, कुणी सारांश सांगतं, कुणी चित्र काढतं. हार्वी डॅनियल्स यांच्या १९९४ च्या पुस्तकामुळे ही पद्धत अमेरिकेत गाजली. आता ती अरबीच्या वर्गांसाठीही सुचवली जाते.

पद्धत चांगलीच आहे. माझा आक्षेप आहे तो 'यामुळे साक्षरता-कौशल्यं वाढतात' या सरसकट वाक्यावर. कोणतं कौशल्य? अरबीत हा प्रश्न टाळून चालत नाही.

पहिलं कारण लिपी. मोठ्यांच्या पुस्तकांत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा छापत नाहीत. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी सगळं काढून नुसतं 'कल' ठेवलं, तर ते काल, कला की केली? संदर्भावरूनच कळणार. अरबीत क-त-ब ही तीन अक्षरं 'कतबा' (त्याने लिहिलं), 'कुतिबा' (लिहिलं गेलं) किंवा 'कुतुब' (पुस्तकं) अशी वाचता येतात. म्हणजे नीट वाचायलाच व्याकरण लागतं.

दुसरं कारण भाषेचे दोन थर. पुस्तक प्रमाण अरबीत म्हणजे 'फुस्हा'त असतं, घरात बोली असते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये 'डायग्लॉसिया'ची जी उदाहरणं दिली, त्यांत अरबी होतीच. मग मुलं गटात बोलीत छान बोलली, तर बोलण्याचा धीर वाढला एवढं म्हणता येईल. फुस्हाचं वाचन सुधारलं हे त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरी अडचण भूमिकांची. ज्याला वाचता येत नाही तो चित्र काढायचं काम घेतो आणि गटात सुखाने लपतो. भूमिकांचे कागद यांत्रिक होतात, हे डॅनियल्स यांनीही पुढे मान्य केलं. 'पर्ल्स २०१६' या चौथीच्या वाचनचाचणीत मध्यबिंदू ५०० होता. मोरोक्कोला ३५८ आणि इजिप्तला ३३० गुण मिळाले. अशा ठिकाणी 'चर्चा रंगली' एवढं लिहून आपण मोकळे झालो, तर मागे पडलेलं मूल मागेच राहतं.

या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल तर तीन गोष्टी बघा. एक, खुणा नसलेला उतारा मोठ्याने वाचणं, आकलन आणि शब्दसंग्रह यांची आधी आणि नंतर वेगवेगळी चाचणी घ्या. दोन, तुलनेचा वर्ग ठेवा आणि त्यालाही तेच पुस्तक, तेवढाच वेळ द्या. नाहीतर फरक गटामुळे पडला की जास्त वाचल्यामुळे, हे कळणारच नाही. तीन, कोण किती बोललं आणि फुस्हात की बोलीत, याची नोंद ठेवा.

आणि पद्धत भाषेप्रमाणे बदला. चित्रकाराऐवजी 'स्वर तपासणारा' अशी भूमिका ठेवली तर? 'कतबा की कुतिबा?' यावर मुलं वाक्यातला कर्ता शोधत भांडली, तर ते भांडण म्हणजेच वाचन. तेवढं मोजता आलं, तरी प्रबंधाला पुरेसा विषय आहे.