मंडल रंगवून मन शांत होतं, पण मग कोऱ्या कागदाचं काय?

गेल्या रविवारी अंधेरीत एका 'सजग चित्रकला' वर्गाला गेले होते. छापील मंडल, रंगीत पेन्सिली, मागे बासरी. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "हे सायन्सने सिद्ध झालंय." हे वाक्य ऐकलं की माझ्यातली पीएचडीवाली जागी होते. मुलुंडला घरी येऊन मूळ शोधनिबंध काढला.

या दाव्यामागे बहुतेक वेळा करी आणि कॅसर यांचा २००५ चा प्रयोग असतो. ८४ विद्यार्थी घेतले, आधी त्यांच्या मनात थोडी चिंता निर्माण केली आणि तीन गट पाडले. एकाला मंडल, दुसऱ्याला चौकटींची नक्षी, तिसऱ्याला कोरा कागद. पहिल्या दोन्ही गटांची चिंता जवळपास सारखीच उतरली, कोऱ्या कागदवाल्यांची तेवढी नाही. म्हणजे इथे मंडलाची वेगळी जादू दिसत नाही. आखून दिलेली चौकट उपयोगी पडली असावी. २०१२ मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मात्र मंडल चौकटींपेक्षा सरस ठरलं. सांगायचं एवढंच, की 'सिद्ध' हा शब्द जरा घाईचा आहे.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या प्रयोगात मोजलं काय? रंग भरल्यानंतर लगेचची चिंता, तीही सहभागींनी स्वतः सांगितलेली. लक्ष किती एकाग्र होतं, रेषेकडे कोण कसं बघत होतं, हे मोजलेलंच नाही. मग याच आधारावर 'सजगता' आणि 'सर्जनशीलता' दोन्ही विकायची, हे पटत नाही.

इथे मला नसरीन मोहमदी आठवतात. जन्म १९३७, कराचीचा. मुंबईत वाढल्या, १९७२ पासून बडोद्याला शिकवलं, १९९० मध्ये वारल्या. शाई, पेन्सिल आणि नकाशे आखायची साधनं घेऊन काढलेल्या बारीक रेषा. बहुतेक चित्रांना ना शीर्षक, ना तारीख. पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने हातावरचा ताबा सुटत गेला, तरी रेषा तितक्याच काटेकोर राहिल्या. ती चित्रं बघताना मला आराम वाटत नाही. रेषांमधलं अंतर हळूहळू बदलतं, ते निसटू नये म्हणून डोळे ताणावे लागतात. याला 'स्ट्रेस रिलीफ' म्हटलं तर त्या चित्रांचं निम्मं काम आपण पुसून टाकतो.

घरी मी कोरा कागद घेऊन बसले. एका श्वासाला एक आडवी रेषा, अशा तीस. शांत वगैरे काही वाटलं नाही. पहिल्या दहा रेषांपर्यंत गाईडच्या ईमेलचाच विचार चालू होता. पण नंतर लक्षात आलं, की जिथे मी श्वास रोखते तिथे रेषा गडद होते. हे मला आधी माहीतच नव्हतं. (एका माणसाचा प्रयोग, कंट्रोल गट नाही, पुरावा म्हणून धरू नका.)

म्हणून माझं मत असं: मन निवणं आणि नीट दिसणं हे दोन वेगळे परिणाम आहेत, ते वेगवेगळे मोजायला हवेत. आईची ठिपक्यांची रांगोळी मला मधला रस्ता वाटते. ठिपके चौकट देतात, पण रेष कुठून न्यायची ते आपणच ठरवायचं. कोरा कागद, छापील मंडल आणि ठिपके अशी तुलना कुणी केली, तर तो निबंध मी आधी वाचीन.

तोवर तीस रेषा काढून बघा, आणि तुमची कुठे गडद होते ते पाहा.