विज्ञानप्रसाराची भाषा आणि तिचा श्रोता

मराठीतील विज्ञानप्रसाराविषयी आजवर झालेली चर्चा बहुतांशी परिभाषेभोवती फिरत राहिली आहे. इंग्रजी संज्ञा जशीच्या तशी स्वीकारावी की संस्कृत धातूंवरून नवी घडवावी, हा तिचा मुख्य वादविषय. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढले तेव्हापासून १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कार्यापर्यंत ह्या परंपरेने मराठी गद्याला जे दिले ते थोडे नाही. तथापि ह्या वादाच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि त्याची तपासणी क्वचितच झाली. ते असे, की विज्ञान ज्याच्यापर्यंत न्यावयाचे तो मराठी श्रोता एकच आहे, आणि तो प्रमाणभाषेचा वाचक आहे.

‘फुप्फुसदाह’ ही संज्ञा घ्यावी. घडणीच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. परंतु ती कळते कोणाला? ज्याला ‘न्यूमोनिया’ हा शब्द आधीच ठाऊक आहे त्याला. इतरांच्या मनात ‘दाह’ म्हणताच जळजळ किंवा आग उभी राहते. श्वास जड झालेले मूल उभे राहत नाही. आजारी मुलाच्या आईला जे दिसते त्यासाठी तिच्याजवळ शब्द असतात. मुलाला धाप लागली आहे, छाती उडते आहे, असे ती सांगते. म्हणजे संज्ञा रोगाच्या कारणाकडून येते आणि आईचा शब्द लक्षणाकडून. प्रसारकाने ह्या दोहोंमधला रस्ता बांधावयाचा असतो. एका टोकाला सुबक कमान उभारून तो बांधला जात नाही.

ह्या दृष्टीने गडचिरोली जिल्ह्यातील एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या श्वासांची संख्या. दोन महिन्यांच्या आतील मुलासाठी साठ आणि त्याहून मोठ्या मुलासाठी पन्नास अशी मर्यादा तेथे धरली गेली. गावातील दाईला ही खूण शिकवावी, तर तिला पन्नासपर्यंत अंक येत नाहीत. दहापर्यंत मात्र ती बिनचूक मोजते. तेव्हा एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असे साधन तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकवावा लागला तर मुलाला न्यूमोनिया आहे.

येथे साधारणतः वैद्यकाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्यात निराळेही काही दिसावे. मराठीतील शंभरापर्यंतच्या अंकांची नावे प्राकृतातून येताना इतकी झिजली आहेत, की त्यांतील बहुतेक नावे एकेक करून पाठच करावी लागतात. ‘छप्पन्न’ ह्या शब्दातून सहा आणि पन्नास वेगळे काढणे शाळेत न गेलेल्या माणसाला शक्य नसते. त्यातही एकोणपन्नास आणि एकोणसाठ ही नावे पुढच्या दशकाच्या आधाराने, वजाबाकीने घडलेली आहेत. ज्या दोन ठिकाणी दाईने निर्णय घ्यावयाचा, नेमक्या त्याच ठिकाणी भाषेची ही अडचण उभी! मण्यांनी ती दूर केली नाही, वळसा घालून ओलांडली. दाईच्या अज्ञानाचा विचार करणाऱ्याला हे सुचले नसते. तिला काय येते ह्याचा विचार केल्यावरच ते सुचते. ह्याच कार्यक्रमाची जी फलिते १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली त्यांत ५८ गावांमधील न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले. हे यश एकट्या मण्यांचे नव्हे. पालकांचे शिक्षण आणि गावातच मिळणारे औषधोपचार ह्यांचे श्रेय त्यात मोठे आहे. परंतु गावातला उपचार गावातल्या निदानावर अवलंबून असतो, हेही खरे.

आक्षेप असा येईल, की हा विज्ञानाचा प्रसार कसला? दाईला पन्नासच का, पंचेचाळीस का नाही, हे कळले नाही. मर्यादा दुसऱ्यांनी ठरविली, तिने मणी सरकविले. ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि साधनाच्या उपयुक्ततेकडे बोट दाखवून तो खोडून काढता येत नाही. साधन निर्णय सोपवते, निर्णयामागचा विचार सोपवत नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम (१९७२ ते २००२) ह्या बाबतीत अधिक पुढे गेला होता. तेथे मुले प्रयोग स्वतः करीत, आणि ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक व्यक्तीला पत्रे लिहून मनातील शंका विचारीत. प्रश्न विचारावयाला समोर कोणीतरी असले पाहिजे, एवढी साधी गोष्ट पाठ्यपुस्तकांच्या रचनेत सहसा नसते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेचा प्रवासही ह्याच अर्थाने बोलका आहे. १९६२ साली ती मल्याळममधून विज्ञान लिहिणाऱ्यांची संघटना म्हणून निघाली. पुढे १९८० पासून तिचे कलाजथे गावोगाव गाणी आणि नाट्य घेऊन फिरू लागले. पुस्तकाने जे साधेना ते चौकात साधू लागले.

महाराष्ट्रात ह्या धड्याचा अर्थ फार सरळपणे लावला जातो: व्याख्यान सोपे करावे, त्यात चार ग्रामीण शब्द पेरावेत. ह्यातून भाषा बदलत नाही, तिचा वेष बदलतो. गडचिरोलीत झाडीबोली बोलणारे आहेत आणि गोंडी व माडिया बोलणारेही आहेत. पहिली मराठीची बोली. दुसऱ्या दोन द्राविड कुलातल्या, त्यांच्याशी मराठीचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. ह्या तिन्हींना ‘बोली’ ह्या एकाच नावाखाली बसवणारा प्रसारक गोंडी मुलासमोर सोपी मराठी बोलतो आणि आपण त्याच्या भाषेत बोललो असे समजतो. उलट झाडीपट्टीच्या नाटकांना रात्रभर बसणारा प्रेक्षक आहे. त्याची ऐकण्याची सवय, विनोदाची जाण आणि दाद देण्याची रीत तयारच आहे. विज्ञानाच्या प्रसारकांनी तिकडे पुरेसे पाहिले नाही.

राणी बंग ह्यांच्या ‘गोईण’ ह्या पुस्तकात वाट उलट्या दिशेने चालली आहे. त्या भागात गोईण म्हणजे मैत्रीण. झाडांविषयी तेथील स्त्रियांना जे ठाऊक आहे ते त्यांच्याच बोलण्यातून तेथे नोंदले गेले. पुस्तक मोलाचे आहे; पण त्याचा वाचक शहरातला, आणि ज्ञान देणारी स्त्री पुस्तकाबाहेरची. ही उणीव लेखिकेची म्हणण्यापेक्षा छापील माध्यमाची म्हणावी.

भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांत एका बाजूला इंग्रजी संज्ञा आणि दुसऱ्या बाजूला तिचा मराठी पर्याय असे दोन रकाने असतात. लोकांच्या शब्दांसाठी तिसरा रकाना जोडावा असे सुचवणे सोपे आहे, परंतु ‘धाप’ हा शब्द त्यात कोठे लिहावयाचा? दम्यापुढे, न्यूमोनियापुढे, की हृदयविकारापुढे? तो तिन्हींपुढे लिहावा लागेल, आणि मग आई जेव्हा ‘धाप लागली’ म्हणेल तेव्हा तिला पुढचा प्रश्न कोणता विचारावयाचा, हेही त्याच पानावर द्यावे लागेल.