चमत्काराचा हिशेबनीस

आम्हां सोलापूरकरांना देव शोधायला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. पंढरपूरचा विठोबा आमच्या जिल्ह्यातला, अक्कलकोटचे स्वामी आमच्या जिल्ह्यातले, आणि सिद्धरामेश्वर तर गावातच तळ्याच्या मध्यावर बसलेले. त्यामुळे २०१७ साली ‘विठू माऊली’ आणि २०२० च्या डिसेंबरात ‘जय जय स्वामी समर्थ’ या मालिका छोट्या पडद्यावर सुरू झाल्या, तेव्हा आमच्या घरात जणू शेजारचेच कुणी पाहुणे म्हणून आले. आई पदर सावरून बसे. चमत्काराचे दृश्य आले की हात जोडी. भाग संपला की नावांची पाटी सरकन वर जाई, आणि तिच्यात कुठेतरी ‘व्हीएफएक्स समन्वयक’ असे एक नाव निसटून जाई. या लेखाचा नायक तो आहे.

या धंद्याशी माझी ओळख झाली ती आमच्या पूर्व भागातल्या एका मुलामुळे. वडील पद्मशाली, जन्म यंत्रमागावर गेलेला. मुलगा मुंबईला मालिकांच्या कामात. एकदा वडिलांनी मला वाटेत अडवले. “मास्तर, हा कॅमेरा धरत नाही, चित्र काढत नाही, नाटकातही नाही. मग पगार कशाचा घेतो?”

प्रश्न रास्त होता. उत्तर असे आहे. समन्वयक आधी भागाची संहिता वाचतो आणि कुठली दृश्ये नुसत्या कॅमेऱ्याने होणार नाहीत याची यादी करतो. प्रत्येक दृश्याला क्रमांक देतो. चित्रीकरणाच्या जागी कॅमेऱ्याची उंची, भिंग, उजेडाची दिशा टिपून ठेवतो. माणसे बाजूला करून रिकाम्या जागेचे एकदा चित्रण करवून घेतो. मग कोणी नटाची आकृती कातरून काढतो, कोणी दोर पुसतो, कोणी ढग रचतो. ही सगळी कामे वेळेवर गोळा करायची, दिग्दर्शकाकडून मान्य करवून घ्यायची आणि प्रक्षेपणाआधी पोचती करायची. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीत सेकंदाला पंचवीस चित्रे लागतात; म्हणजे चार सेकंदांचा चमत्कार ही शंभर चित्रांची उस्तवार झाली. चित्रपटाला यासाठी महिने मिळतात. रोजच्या मालिकेला उद्याची संध्याकाळ मिळते.

त्यातून आपले देव या शास्त्राला फारसे सोयीचे नाहीत. नटामागे हिरवा पडदा लावतात, कारण माणसाच्या कातडीत हिरवा रंग कमी. तेवढा रंग यंत्राने काढून टाकला की मागे वैकुंठ बसवता येते. पण विठोबाच्या गळ्यात तुळशीची माळ! पडद्याबरोबर तीही अदृश्य व्हायची. निळा पडदा लावावा, तर कृष्ण निळा. आणि खंडोबाचा भंडारा म्हणजे तर उडणारी पिवळी धूळ. तिच्या कडा कातरायच्या कुठून? कोणत्या देवामागे कोणता पडदा, हे ज्याला आधी सुचते तो समन्वयक चांगला. असे हे भक्ती आणि हिशेब यांचे लग्न आहे.

हे लग्न जुने आहे. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत. ते नाव म्हणजे फाळके हे आडनाव उलटे वाचलेले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून त्यांनी ही करामत पडद्यावर आणली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ती साधी मुलगी म्हणून चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. म्हणजे दादासाहेबांनी आधी युक्ती उघडी करून दाखवली, आणि मगच विश्वास ठेवा म्हटले. प्रेक्षकाला फसवल्यावाचून त्याला भारून टाकण्याचे हे धैर्य मला फार मोठे वाटते.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) थोरवीही माझ्या मते याच जातीची आहे. दामले-फत्तेलालांनी त्यात चमत्कार पुष्कळ दाखवले आहेत. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात. पण ते विमान आज माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते ते त्याच्या कारागिरीमुळे नव्हे. खाली जिजाई राहिलेली असते, म्हणून ते उंच जाते. तिचा संसार, तिची चिडचिड, तिची पोरे एवढ्या खऱ्या वजनाची आहेत की त्यांच्यापासून सुटणारी कुठलीही वस्तू आकाशात गेल्यासारखीच वाटावी. चमत्काराला जमीन लागते ती अशी.

दूरचित्रवाणीवर ‘रामायण’ आले १९८७ साली. त्यातले बाण आकाशात एकमेकांवर आदळत आणि ठिणग्या उडत. आजच्या मुलांना त्याचे हसू येते. तरीही २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा घरोघर माणसे पुन्हा बसली. ती बाणांसाठी बसली असतील असे मला वाटत नाही. मराठीतही हाच अनुभव आहे. १९९३ च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू हा रामदास पाध्यांचा बाहुला; त्याची भीती वाटे, कारण तो खरोखर त्या खोलीत होता. त्याच चित्रपटाचे दिग्दर्शक महेश कोठारे यांच्या संस्थेने २०१४ मध्ये ‘जय मल्हार’ आणली. मराठी मालिकेत संगणकाची एवढी थोरली जेजुरी लोकांना नवी होती, आणि लोकांनी ती मनापासून उचलून धरली.

गाऱ्हाणे आहे ते त्यानंतरच्या सवयीबद्दल. देव हसला की तेजोवलय, देव बोलला की वीज, देव गप्प बसला तरी मागे सोनेरी कण तरंगतातच. रोज सणाचे जेवण वाढले की सणाला काय वाढायचे? हा दोष कारागिरांचा नाही. वेळ नसतो तेव्हा माणूस कालचीच वीज आज पुन्हा वापरतो. ही वीज नको, असे म्हणण्याचा अधिकार कुणाला तरी असावा लागतो. माझ्या मते तो समन्वयकाला हवा, कारण प्रत्येक चमत्काराची किंमत त्यालाच ठाऊक असते.

वडिलांना मात्र मी एवढे सगळे सांगितले नाही. मी त्यांना जेकार्डची आठवण दिली. चादरीवरचा मोर माग स्वतःच्या बुद्धीने विणत नाही. भोके पाडलेल्या पट्ट्या एकामागून एक येतात, भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. संगणकाच्या घराण्यातला एक पूर्वज हाच. त्यांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे हा नक्षी काढत नाही, विणतही नाही. पट्ट्यांचा क्रम चुकू देत नाही. बरोबर?” मी म्हटले, बरोबर. “मग जबाबदारीचं काम आहे. एक पट्टी चुकली की मोराची मान शेपटाला लागते.”

गेल्या दिवाळीत तो मुलगा फराळाला आमच्याकडे आला होता. आई एका मालिकेतले दृश्य त्याला सांगू लागली. भक्त दारात उभा आहे, देव त्याच्याकडे नुसता पाहतो, आणि तिला रडू कोसळले होते. “ते तू केलंस का रे?”

“नाही आजी,” तो म्हणाला, “तिथे मागून प्रकाशाचा झोत सोडायचं ठरलं होतं. मी म्हटलं, नको, ते काकाच एवढं छान बघताहेत. म्हणून तिथे आमचं काहीच नाही.”

आईने त्याच्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली. पाटीवरचे त्याचे नाव तिला कधीच वाचता आले नव्हते. त्या दिवशी तिने ते विचारून घेतले.